झपाझप चाला, पण ढांगा टाकू नका

सकाळी सहाच्या सुमाराला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून नुसते चालणाऱ्यांचे पाय बघा. ज्यांना भरभर चालायचंय, त्यातले बहुतेकजण पाऊल पुढे लांब फेकताना दिसतील. टाच शरीराच्या बरीच पुढे जमिनीवर आपटते, गुडघा ताठ असतो, आणि मग अख्खं शरीर त्या पायावर ओढून न्यावं लागतं. म्हणजे दर पावलाला आधी ब्रेक, मग धक्का. वेग फारसा वाढत नाही, नडगी मात्र ठणकायला लागते. आठवड्याभरात ‘आपल्याला नाही बुवा झेपत’ म्हणून बूट परत कपाटात जातात.

झपाझप चालण्याचं तंत्र याच्या नेमकं उलट आहे. पावलं आखूड, पण मिनिटाला जास्त. पाय पुढे फेकायचा नाही, मागच्या पायाने जमीन ढकलायची. आणि पायांची लय हातांनी ठरवायची. वजन उतरवायला, शुगर आटोक्यात ठेवायला चालणाऱ्यांना हे लागू आहेच. पण जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनीही ते शिकून घ्यावं. का, ते पुढे येईल.

झपाझप म्हणजे किती?

घड्याळात १५ सेकंद लावा. तेवढ्या वेळात उजवा पाय किती वेळा टेकला ते मोजा आणि आठने गुणा. उजवा पाय १३ वेळा टेकला तर मिनिटाला १०४ पावलं झाली. १५ वेळा टेकला तर १२०. १६-१७ वेळा टेकला तर १३०च्या आसपास. प्रौढ माणसाला मिनिटाला साधारण १०० पावलांपासून मध्यम व्यायाम सुरू होतो, आणि १३०च्या पुढे तो बहुतेकांसाठी जोरकस होतो. उंच माणसाला थोडी कमी पावलं पुरतात, ठेंगण्याला थोडी जास्त लागतात. ७० सेंटिमीटरचं एक पाऊल धरलं तर १२० पावलांना ताशी पाच किलोमीटरचा वेग पडतो. सुरुवातीला एवढा पुष्कळ झाला.

मोजत बसायचं नसेल तर बोलून बघा. शेजारच्याशी मालिकेत काल काय झालं याची साग्रसंगीत चर्चा न अडखळता चालली असेल तर ते फिरणं आहे, व्यायाम नाही. एक वाक्य बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम वेग. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोरकस.

मनगटावरचं घड्याळ नाडी दाखवत असेल तर २२० वजा वय हा ढोबळ कमाल आकडा. त्याच्या ६४ ते ७६ टक्के म्हणजे मध्यम पट्टा; पन्नाशीच्या माणसाला मिनिटाला १०९ ते १२९ ठोके. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, नाडी मुळातच खाली ठेवतात. त्या चालू असतील तर आकड्याच्या मागे न लागता बोलण्याच्या चाचणीवर भरवसा ठेवा.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. रोजच्या दहा हजार पावलांचा आकडा मात्र १९६०च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला आहे. तो वाईट नाही, पण त्यात वेगाचा पत्ता नसतो. स्वयंपाकघर ते बाल्कनी येरझाऱ्याही त्यातच मोजल्या जातात.

आधी शरीर सरळ

नजर पाच-सहा मीटर पुढे ठेवा. आपल्याकडे पेव्हर ब्लॉकचा भरवसा नसतो, त्यामुळे खाली बघावं लागतंच. तेव्हा डोळे खाली न्यावेत, मान नको. मान झुकली की खांदे पुढे येतात, छाती आवळते आणि दोन फेऱ्यांत मानेच्या मागे दुखायला लागतं. खांदे सैल करायची सोपी युक्ती म्हणजे ते कानांपर्यंत उचला, दोन सेकंद धरा, पटकन सोडून द्या. जिथे पडतील तिथेच राहू द्या. दर दहा मिनिटांनी हे एकदा करावं, कारण दमल्यावर खांदे नकळत वर चढतात.

शरीराचा कल किंचित पुढे हवा, पण तो घोट्यातून. कंबरेतून वाकलात तर पाठीचा खालचा भाग भरून येतो, आणि पोट दाबलं गेल्यामुळे श्वासही अपुरा पडतो. चढावर ही चूक सगळ्यात जास्त होते.

हात: खरा वेग इथे आहे

हात लांब सोडून चालून बघा आणि पावलं मोजा. मग कोपर काटकोनात वाकवून, हात मागे जोरात नेत चालून परत मोजा. पावलं आपसूक वाढतात. कारण साधं आहे: लंबक आखूड केला की लवकर झुलतो. हात आणि पाय उलटसुलट जोडीने चालतात, म्हणजे उजव्या पायाबरोबर डावा हात. हात भरभर हलले की पायांना मागे राहता येत नाही.

तंत्र असं. कोपराचा कोन साधारण ९० अंशांचा. मूठ सैल, अंगठा वर. हातात अंडं धरलंय असं समजा. हात खांद्यातून हलवायचा, कोपर उघड-मीट होऊ द्यायचं नाही. मागे जाताना मूठ पँटच्या इलॅस्टिकपर्यंत यावी, पुढे येताना छातीच्या मध्यापर्यंत, त्याच्या वर नको. जोर लावायचा तो मागे नेताना. कोपर मागे ढकला, पुढे तो स्वतःहून येतो.

चुका तीन होतात. एक, हात छातीसमोरून आडवे जातात. मग धड डावी-उजवीकडे वळत राहतं आणि शक्ती आडवी वाया जाते. दोन, बॉक्सिंग करावं तसे हात वर उडतात. याने खांदे दुखतात, वेग नाही वाढत. तीन, एका हातात मोबाइल. मोबाइलवाला हात हलत नाही, त्या बाजूचं पाऊल आखूड पडतं आणि चाल लंगडी होते. फोन कंबरेच्या पट्ट्यात ठेवा. पाण्याची बाटली न्यायचीच असेल तर ती दर फेरीला या हातातून त्या हातात घ्या.

हातात डंबेल किंवा पायाला वजनं बांधून चालणारे दिसतात. नका बांधू. पायाच्या वजनाने चालच बदलते आणि गुडघ्या-खुब्यावर ताण येतो, हातातल्या वजनाने खांदा आणि कोपर. जास्त मेहनत हवी असेल तर चढ शोधा.

दमट हवेत हात लोंबते सोडून तासभर चाललं की बोटं सुजतात, अंगठी घट्ट होते. वाकवलेल्या कोपराचा हा आणखी एक फायदा: रक्त खाली साचत नाही.

पाऊल टाकायचं कसं

आपलं पाऊल किती लांब असावं हे शोधायला टेप लागत नाही. पाय जुळवून सरळ उभे राहा. कंबर न वाकवता, घोट्यातून हळूहळू पुढे झुका. एका क्षणी तोल जातो आणि एक पाय आपणहून पुढे पडतो. तो जिथे पडला, तेवढंच तुमचं पाऊल. चार-पाच वेळा करून बघा, अंदाज येतो. बहुतेकांना ते अपेक्षेपेक्षा आखूड वाटतं, आणि तसंच असायला हवं.

आता एक पाऊल सावकाश पाहू. टाच हलकेच टेकते, बोटं वर उचललेली. टेकते ती शरीराच्या जवळ, फार पुढे नाही. गुडघा किंचित मोकळा, कुलूप लावल्यासारखा नाही. मग वजन तळव्याच्या बाहेरच्या कडेने पुढे सरकत चवड्यावर येतं. शेवटी अंगठ्याने जमीन मागे ढकलून पाय सुटतो. हा शेवटचा ढकला बहुतेक लोक खातात. पाय नुसता उचलून पुढे ठेवतात. पण वेग येतो तो याच ढकल्यातून. मागून येणाऱ्याला तुमच्या बुटाचा तळ दिसला पाहिजे, ही चांगली खूण. आवाजही ऐका. फट्‌ फट्‌ असा पाऊल आपटल्याचा आवाज येत असेल तर बोटं लवकर खाली पडताहेत, किंवा पाऊल लांब होतंय.

पुढची पायरी खुब्याची. पाय मांडीतून सुरू होतो असं न समजता कंबरेतून सुरू होतो असं समजा. पुढे जाणाऱ्या पायाबरोबर त्या बाजूचा खुबा थोडासा पुढे येऊ द्या. असं केलं की दोन पावलं दोन वेगळ्या रुळांवर न पडता जवळजवळ एका रेषेवर पडू लागतात. मैदानावरची पांढरी रेषा किंवा फरशांचा सांधा यासाठी उपयोगी पडतो: आतल्या कडा रेषेला लागल्या पाहिजेत. पाय एकमेकांवरून ओलांडू मात्र नका. कंबर डुलली की बघणारे हसतात, ते हसू द्या.

चालण्याच्या शर्यतीत याहून कडक नियम असतात. नुसत्या डोळ्यांना दिसेल असे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटता कामा नयेत, आणि पुढचा पाय टेकल्यापासून शरीराखाली उभा येईपर्यंत गुडघ्यात सरळ हवा. फिटनेससाठी चालणाऱ्याने सरळ गुडघ्याचा नियम अंगाला लावून घेऊ नये. खेळाडू त्यासाठी वर्षानुवर्षं तयारी करतात.

नडगी जळतेय?

पहिल्या दोन आठवड्यांत नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत जळजळ होणं नेहमीचं आहे. पायाची बोटं वर उचलून धरणं आणि टाच टेकल्यावर पाऊल हळू खाली सोडणं हे त्याचं काम. पावलं वाढली की त्याची मजुरी वाढते, आणि पाऊल लांब पडलं तर आणखी. वेग थोडा उतरवा, पाऊल आखूड करा, पहिली सहा-सात मिनिटं हळूच चाला. घरी भिंतीला पाठ टेकून, टाचा भिंतीपासून फूटभर पुढे ठेवून, दोन्ही पायांचे चवडे वर उचलायचे आणि खाली ठेवायचे. १५ वेळा, दोन फेऱ्या. लोकलची वाट बघतानाही होतं हे.

दुखणं स्नायूत नसून हाडाच्या आतल्या कडेला असेल, बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर चालणं बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाचेत सुई टोचल्यासारखं होत असेल तर तळव्याचा पडदा दुखावलेला असतो. घरात अनवाणी फिरणं सोडा आणि पोटरी ताणण्याचा व्यायाम रोज करा. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गरगरणं यांपैकी काहीही झालं तर तिथल्या तिथे थांबा, खाली बसा आणि मदत मागा. ‘फेरी पूर्ण करून बघतो’ हा विचार जिवावर बेतू शकतो.

एका दिवसाचं गणित

४० मिनिटं आहेत असं धरू. पहिली सात मिनिटं साध्या चालीने, हात सोडलेले. मग २५ मिनिटं झपाझप. शेवटची पाच मिनिटं पुन्हा सावकाश, आणि उरलेल्या तीन मिनिटांत पोटऱ्या. भिंतीला हात टेकून मागचा पाय सरळ ठेवा, टाच जमिनीला, ३० सेकंद. मग तोच पाय गुडघ्यात थोडा वाकवून आणखी ३० सेकंद. पहिल्याने पोटरीचा वरचा स्नायू ताणला जातो, दुसऱ्याने आतला, टाचेजवळचा. मग दुसरा पाय. आतला स्नायू ताणायचा बहुतेक विसरतात आणि टाचेमागची शीर धरते.

नवख्याला २५ मिनिटं सलग १२०ची लय टिकत नाही. त्याने दोन मिनिटं झपाझप, दोन मिनिटं साधं असं सुरू करावं. दर आठवड्याला झपाझपचं एक मिनिट वाढवावं आणि साधं तेवढंच ठेवावं. पाच-सहा आठवड्यांत सलग चालता येतं. आठवड्याला पाच दिवस पुरेत. वेळ आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका, आधी वेळ.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं बेताने चालल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते. इन्सुलिन किंवा साखर पटकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखरेच्या चार पुड्या किंवा ग्लुकोज ठेवाच.

धावणाऱ्यांनी चालणं का शिकावं

धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर पायावर येतो, चालताना तो वजनाच्या थोडाच वर असतो. म्हणून लांब धावण्याच्या दुसऱ्या दिवशी ३०-४० मिनिटं झपाझप चाललं तर पाय मोकळे होतात आणि नवा मार बसत नाही.

पण खरा उपयोग धावणं आणि चालणं मिसळण्यात आहे. अमेरिकेचे धावपटू आणि प्रशिक्षक जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. तिचा गाभा एवढाच, की चालण्याची विश्रांती दमल्यावर नाही, पहिल्या किलोमीटरपासून घ्यायची. आता हिशेब बघा. चार मिनिटं धावणं किलोमीटरला साडेसात मिनिटांच्या गतीने, आणि एक मिनिट चालणं. ते मिनिट रमतगमत, किलोमीटरला १५ मिनिटांच्या गतीने घालवलं तर सरासरी ८ मिनिटं २० सेकंद पडते. तेच मिनिट किलोमीटरला दहा मिनिटांच्या गतीने चाललं तर ७ मिनिटं ५४ सेकंद. हाफ मॅरेथॉनच्या २१.१ किलोमीटरमध्ये हा फरक नऊ मिनिटांवर जातो. धावण्याचा वेग सेकंदभरही न वाढवता.

धावण्यातून चालण्यात येताना एकदम थांबू नका. मागचा येऊन धडकतो आणि पोटरीत गोळा येतो. हात वर करून खूण करा, कडेला या, तीन-चार आखूड पावलांत वेग उतरवा, आणि कोपरं वाकलेलीच ठेवा. हात सोडले की चाल रेंगाळते. धावणं सुरूच करायचं असेल तर एक मिनिट धावणं, चार मिनिटं झपाझप चालणं, अशा सहा फेऱ्या. दोन आठवड्यांनी दोन-तीन करा, मग तीन-दोन. ताशी सात किलोमीटरच्या आसपास पोहोचल्यावर शरीराला चालण्यापेक्षा धावणं सोपं जातं. तिथे पाय आपोआप पळू बघतात, आणि मुद्दाम चालत राहिलात तर चांगलाच घाम निघतो. धावण्याचा कंटाळा आला की अधूनमधून हे करून पाहावं.

पेडर रोडसारखी चढण आली की पावलं आणखी आखूड, हात जोरात, नजर वर शेंड्याकडे नाही. उतारावर उलट मोह होतो, ढांगा टाकण्याचा. गुडघे तिथेच दुखावतात.

मुंबईत कुठे आणि कधी

वेग मोजायला शिवाजी पार्क बरं. बाहेरचा फेरा साधारण १.२ किलोमीटरचा आहे. तो १२ मिनिटांत झाला की ताशी सहाचा वेग. मात्र चौघं-चौघं हात धरून चालणाऱ्यांतून वाट काढत लय राखणं ही वेगळीच साधना आहे, तेव्हा साडेपाचला या. मरीन ड्राइव्हला नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापासून गिरगाव चौपाटीपर्यंत तीनेक किलोमीटर सलग, सपाट, सिग्नलशिवाय मिळतात. फक्त सकाळी आठनंतर सावली नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीकडे जाणारा रस्ता शेवटी चढतो, चढाचा सराव तिथे करावा. जुहूच्या वाळूवर चालायचं तर ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि घोटा फिरतो. किनारा समुद्राकडे उतरता असल्यामुळे एक पाय सतत खाली पडतो, म्हणून जेवढं गेलात तेवढंच परत याच कडेने या. सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारणाऱ्यांनी दर पाच मिनिटांनी दिशा बदलावी. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चाला.

ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि मे महिन्यात घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी जास्त पडते. तेव्हा घड्याळ सोडा, श्वासावर चाला. निघण्याआधी पेलाभर पाणी. तासाच्या पुढे जाणार असाल तर दर वीस मिनिटांनी दीड-दोनशे मिलिलिटर, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी उत्तम. हिवाळ्यात सकाळी धुरकं उतरलेलं असतं; हवेचा निर्देशांक २००च्या वर दिसला तर जोरकस चाल टाळा.

बूट, आणि पावसाळा

बूट संध्याकाळी विकत घ्या, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी; ढकल्याच्या वेळी बोटं पुढे सरकतात. बूट हातात धरून वाकवा. चवड्याशी वाकला तर चांगला, मधोमध दुमडला तर ठेवून द्या. धावण्याचे बूट चालायला चालतात. चपलांवर झपाझप चालू नका, ती सुटू नये म्हणून बोटं आवळली जातात आणि ढकला गायब होतो. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात, सिंथेटिक बरे.

जून ते सप्टेंबर शेवाळलेले पेव्हर ब्लॉक आणि मॅनहोलची लोखंडी झाकणं यांवर टाच सरकते. तिथे पाऊल नेहमीपेक्षाही आखूड आणि जरा सपाट टाका, ढकला सोडून द्या. मोठ्या भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हच्या कठड्याजवळून नाही. साचलेल्या पाण्यातून चालू नका. पायाला कापलेलं, फुटलेलं असेल आणि तरी जावं लागलं, तर लेप्टोसाठी (अशा दूषित पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या का हे लगेच डॉक्टरांना विचारा. भिजलेल्या बुटातला आतला तळ काढून वेगळा ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बोळे बदला, आणि बूट पंख्याखाली आडवे ठेवा. गिझरवर किंवा गॅसजवळ ठेवलेत तर तळाचा गोंद सुटतो.